मिरवणुकीत आपला मुलगा कोणत्या पोशाखात?

शिवजयंती जवळ आली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या तालमींमधून आणि मंडळांच्या खोल्यांमधून पत्र्याच्या पेट्या बाहेर निघतात. गेल्या वर्षीचे अंगरखे, शेले, चुरगळलेली मुंडाशी, लाकडी ढाली, रंग उडालेल्या तलवारी, सगळे अंगणात उन्हाला पडते. काय फाटले, काय उसवले, काय भाड्याने आणावे लागेल, याची यादी होते. आणि मग पोरे एकच प्रश्न विचारू लागतात, "मी कोण होणार?"

आपल्या भागात ही धांदल वर्षातून एकदाच होत नाही. सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला. तिथीप्रमाणे करणारे फाल्गुन वद्य तृतीयेला करतात. कोल्हापूर शहरातली अनेक जुनी मंडळे वैशाख शुद्ध द्वितीयेची पारंपरिक शिवजयंती अजून सोडायला तयार नाहीत. त्यातच ६ जूनचा शिवराज्याभिषेक दिन आणि २६ जूनची राजर्षी शाहू जयंती. म्हणजे ऐतिहासिक वेशभूषेच्या चमूला फेब्रुवारीपासून जूनपर्यंत काम असते.

कबनूर या सगळ्याच्या मधोमध आहे. हातकणंगले तालुक्यातले, इचलकरंजीला खेटून असलेले हे गाव. वेस कुठे संपली आणि शहर कुठे सुरू झाले हे पाहुण्याला कळत नाही. मागांचा खडखडाट दोन्हीकडे सारखाच. जंदीसाहेब-ब्रॉनसाहेबांचा उरूस इथे एका समाजाचा नसतो, तो गावाचा असतो. अशा गावात मिरवणूक निघते तेव्हा तिच्यात आपली मुलेही असतात. कुणी मंडळातून, कुणी तालमीतून, बहुतेक शाळेतून. म्हणूनच "मी कोण होणार?" हा प्रश्न आपल्या घरातही येतो, आणि आपल्या घरात तो जरा जड होऊन येतो.

एक दिवस, पहाटेपासून

मिरवणूक बघणाऱ्याला दोन तासांची वाटते. चमूला ती पहाटेपासून रात्रीपर्यंत पुरते.

सकाळी लवकर सगळे जमतात, कारण फेटे आणि मुंडाशी बांधायला वेळ लागतो. गावात फेटा नीट बांधता येणारी माणसे चार-दोनच असतात आणि त्या दिवशी प्रत्येकाला ती हवी असतात. त्यानंतर चोळणा, अंगावर बाराबंदी, कमरेला शेला, शेल्यात खोचलेली कट्यार. मिशा काढायला काजळाची कांडी. ज्यांना चिलखत घालायचे त्यांची सर्वांत पंचाईत, कारण पत्र्याचे असो की जाळीचे, दुपारी ते तापते.

पुढे घोडा, मागे हलगी-घुमके आणि कैताळ, त्यामागे लेझीम. चौक आला की मिरवणूक थांबते आणि मर्दानी खेळ सुरू होतो. लाठी, फरी-गदका, बोथाटी, विटा आणि शेवटी दांडपट्टा. कोल्हापूरच्या तालमींनी हे खेळ जिवंत ठेवले. २०२४ साली सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, पण आपल्या गल्लीबोळांत त्याची पाती त्याआधीपासून फिरत होती. हे खेळ शिकवणाऱ्या आणि खेळणाऱ्या माणसांत मुसलमानही आहेत. वस्तादाच्या पायाला हात लावून मैदानात उतरणाऱ्याचे आडनाव तिथे कुणी विचारत नाही.

आणखी जरा बारकाईने पाहिले तर मिरवणुकीत आपले लोक किती तरी ठिकाणी दिसतात. बँड वाजवणारे, घोडा धरणारे, कपडे शिवणारे, कोपऱ्यावर सरबताचे पिंप मांडून उभे राहणारे. मिरवणूक चालते ती या हातांवरही. प्रश्न एवढाच की पोशाख घालून पुढे चालणाऱ्या रांगेत आपला मुलगा कुठे असतो?

"अम्मी, मला खान केलंय"

उत्तर अनेक घरांना माहीत आहे. देखावा अफझलखानाच्या भेटीचा असेल तर खान कोण? शायिस्तेखान कोण? मोगल सैनिकांच्या हिरव्या अंगरख्यांत कोण? "तू हो, तुला शोभेल." सांगणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसते. मुलाची अंगकाठी उंच असते, उर्दूचे चार शब्द त्याला नीट बोलता येतात, म्हणून भूमिका त्याच्याकडे येते. पोरगा खूश होऊन घरी सांगतो, "अम्मी, मला खान केलंय!" अम्मी गप्प होते. अब्बा म्हणतात, "जायचंच नाही." मुलाला कळत नाही की आपले चुकले काय.

खलनायकाची भूमिका करणे यात कमीपणा नाही. नाटकात कुणी तरी खान व्हावेच लागते, आणि चांगला नट तीच भूमिका मागून घेतो. पण दरवर्षी, प्रत्येक चौकात, खान मुसलमानाच्याच मुलाने व्हायचे आणि मावळा मुसलमानाच्या मुलाने कधीच व्हायचे नाही, असे घडू लागले तर तो खेळ राहत नाही. त्या मुलाच्या आणि त्याला बघणाऱ्या शंभर मुलांच्या मनात एक रेघ ओढली जाते. इतिहासात तू त्या बाजूला होतास, आम्ही या बाजूला. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पुस्तकातला इतिहास कळायच्या आधी अंगावरचा कपडा कळतो.

म्हणून हा लेख. मुलाला मिरवणुकीत पाठवायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय आहे. पण पाठवायचे असेल, तर तो कोणत्या पोशाखात जाणार हे ठरवताना आपण तिथे हजर असले पाहिजे. नंतर नाराज होऊन उपयोग नाही.

पन्हाळ्याच्या वेढ्यात कोण कुठे होते

हजर राहायचे तर हातात काही तरी हवे. ते शोधायला दूर जावे लागत नाही. आपल्या जिल्ह्यातलाच पन्हाळा घ्या.

१६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावर अडकले. वेढा घालणारा आदिलशाही सरदार सिद्दी जौहर. ऐन पावसात, जुलैच्या रात्री महाराज वेढ्यातून निसटले आणि विशाळगडाकडे गेले. बाजीप्रभू देशपांड्यांनी घोडखिंड लढवली. हा प्रसंग प्रत्येक मिरवणुकीत असतो. त्यातच शिवा काशिदांची आठवण निघते. परंपरा सांगते की महाराजांचा पोशाख अंगावर घालून ते पालखीत बसले, शत्रूच्या हाती लागले आणि त्या पोशाखासाठीच त्यांनी जीव दिला. जातीने नाभिक, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचे. ऐतिहासिक वेशभूषा करणाऱ्या प्रत्येकाने ज्यांना आधी सलाम करावा असा हा माणूस.

पण याच वेढ्यातली आणखी एक गोष्ट मिरवणुकीत सहसा येत नाही. वेढा फोडून महाराजांना सोडवण्यासाठी बाहेरून जी फौज चालून आली, तिच्यात नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल होता. त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह त्या लढाईत जखमी झाला आणि शत्रूच्या हाती सापडला. हे आजच्या काळात कुणी समजुतीसाठी रचलेले नाही. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात ते आहे, आणि परमानंद महाराजांच्याच काळातले.

म्हणजे एकाच वेढ्यात सिद्दी आतल्याला सोडवायलाही आला होता आणि बाहेरून कोंडायलाही. जौहरच्या बाजूने मराठे सरदार होते. राजापूरच्या वखारीतले इंग्रजही तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. हिरवे एका बाजूला आणि भगवे दुसऱ्या बाजूला, अशी सोपी मांडणी या वेढ्याला बसत नाही.

प्रतापगडाचेही तसेच. १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीला महाराजांबरोबर जे दहा निवडक अंगरक्षक होते, त्यांत जिवा महालांच्या जोडीला सिद्दी इब्राहिम होता. आणि खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर कुलकर्णी. देखावा खरोखर इतिहासाप्रमाणे करायचा तर आपल्या मुलाला दहा अंगरक्षकांत जागा आहे. ती मागायला कुणाचे उपकार नकोत.

आरमाराचा देखावा असेल तर दौलतखान. १६७९ साली खांदेरी बेटासाठी इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांच्याशी जी झुंज झाली, तिच्यात मराठी आरमाराचे नेतृत्व करणाऱ्यांत दौलतखान होता. पायदळाचा सरनोबत नूरबेग. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा काजी हैदर. ही नावे कोल्हापूरच्या वाचकाला नवी नसावीत. कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी 'शिवाजी कोण होता?' या १९८८ च्या पुस्तिकेत ती सर्वसामान्य माणसाच्या हातात दिली. ते याच कोल्हापुरात राहत होते आणि २०१५ च्या फेब्रुवारीत याच शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

एक सावधगिरी. आग्र्याच्या सुटकेतल्या मदारी मेहतरांची गोष्ट लोकप्रिय आहे, पण तिला समकालीन कागदांचा आधार नाही असे अनेक इतिहासकार म्हणतात. मागणी करायला जाताना कागदात सापडणारे नाव घेऊन जावे. वाद झाला तर हिलाल आणि इब्राहिम टिकतील.

दुसरी सावधगिरी स्वतःसाठी. ही नावे सांगताना 'सगळे गोडच होते' असा आव आणू नये. त्या काळी माणसे जहागिरीसाठी, पगारासाठी, धन्याच्या शब्दासाठी आणि कधी धर्मासाठीही लढली. काजी हैदर पुढे मोगलांकडे गेला. मराठे सरदारही इकडून तिकडे गेले. माणसे अशीच असतात, हेच मुलांना सांगायचे. इतिहासात आपण फक्त शत्रू नव्हतो, आणि फक्त फरिश्तेही नव्हतो.

बंद उजवीकडे की डावीकडे?

आता थोडे कपड्यांबद्दल. मिरवणुकीत मावळा भगव्यात आणि विजापूरकर हिरव्यात हे इतके पक्के झाले आहे की सतराव्या शतकातही असेच असेल, असे वाटू लागते. त्या काळची दख्खनी चित्रे मात्र वेगळे सांगतात. विजापूरचे अमीर-उमराव त्यांत पांढऱ्या तलम मलमलीच्या जाम्यात दिसतात, वर जरीचा शेला, कमरेला पटका. रंगांची आजची वाटणी ठसली ती नाटक, सिनेमा आणि ड्रेपरीच्या दुकानांतून. कोल्हापूर तर ऐतिहासिक चित्रपटांचे माहेरघर. बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' १९२३ चा, भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' १९५२ चा. पडद्यावर लांबून कोण कुणाच्या बाजूचा हे कळावे म्हणून कपडेपटाने केलेली सोय पुढे लोकांना इतिहास वाटू लागली.

सरदार हिंदू असो की मुसलमान, अंगात जामा, पायात चुडीदार पायजमा, कमरेला पटका, डोक्याला पगडी, असा बेत दोघांचाही असे. मोगली रिवाजात फरक एवढाच दिसतो की छातीवर आडवा येणारा जाम्याचा पदर हिंदू डाव्या बगलेखाली बांधत आणि मुसलमान उजव्या. जुने चित्र ओळखायला अभ्यासक आजही आधी बंद कुठल्या बाजूला आहेत ते पाहतात. बाकी शब्दसुद्धा सामाईकच. जामा, पायजमा, कमरबंद फारसीतून आले. ज्या जिरेटोपाशिवाय महाराजांचे चित्र पुरे होत नाही, त्यातला 'जिरे' म्हणजे फारसीतला 'जिरह', लोखंडी कड्यांचे जाळीदार चिलखत.

हे पोशाख किती सारखे होते याचा एक गमतीदार पुरावा आहे. एके काळी महाराजांचे म्हणून जे चित्र पुस्तकांत छापले जाई, ते इब्राहिम खान नावाच्या एका मुसलमान सरदाराचे निघाले. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ही चूक दाखवून दिली आणि महाराजांचे समकालीन चित्र शोधून लोकांपुढे ठेवले. दुसरी गोष्ट त्याहून सुंदर. घोड्यावर बसलेले महाराज आणि सोबत चालणारे सैनिक, असे एक समकालीन चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. इटालियन प्रवासी मनुची याने ते काढून घेतले. काढणाऱ्या चित्रकाराचे नाव मीर मुहम्मद. त्या काळचा मराठी सैनिक कसा दिसत होता, काय नेसत होता, हे पाहायचे तर आज मीर मुहम्मदच्या कुंचल्याकडे बघावे लागते.

कापड आपल्याच मागावरचे

भाड्याच्या पोशाखांबद्दल आया-बहिणींची तक्रार रास्त आहे. चकाकणारे सिंथेटिक कापड, आत अस्तर नाही, आदल्या गावच्या मुलाचा घाम तसाच. फेब्रुवारीच्या उन्हातही मुलाच्या अंगावर पुरळ उठते, वैशाखात तर विचारू नका.

कबनूर-इचलकरंजीकरांनी कपड्यासाठी हात पसरावा हे पटत नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली बसवला. तेव्हापासून चार-पाच पिढ्या धोटा, भीम, कांडी या शब्दांत वाढल्या, त्यांत आपलीही किती तरी घरे. मावळ्याचा पोशाख मुळात गरिबाचा, जाड सुती. मांजरपाट किंवा साधे सुती पॉपलीन त्याला पुरते, आणि सॅटिनपेक्षा ते जास्त खरे दिसते.

शिवणेही अवघड नाही. बाराबंदीला बटण नसते. एकावर एक येणारे दोन पदर आणि ते बांधायला कापडी बंदांच्या जोड्या. घरात शिवणयंत्र असेल तर एका दुपारचे काम. दोन गोष्टी मात्र आपल्या घरांनी ध्यानात ठेवाव्यात. एक, बाही मनगटाशी फार घट्ट शिवू नये. मिरवणूक लांबते, असर आणि मगरीबची वेळ वाटेत येते, वजूसाठी बाही कोपराच्या वर जायला हवी. दोन, मुंडासे असे बांधावे की कपाळ मोकळे राहील. पोशाखही नीट दिसतो आणि सज्दाही नीट होतो.

मुलींसाठी जिजाऊ आणि ताराराणी आहेतच. करवीर राज्य उभे करणाऱ्या ताराराणी आपल्याच मातीतल्या. त्यांच्या शेजारी चांदबिबी उभी करायला काय हरकत आहे? अहमदनगरची लेक, विजापूरची सून, १५९५-९६ च्या मोगली वेढ्यात नगरचा किल्ला लढवणारी. डोक्यावरून घेतलेली ओढणी, पूर्ण बाह्यांचा पेशवाज, कमरेला कट्यार, असा तिचा पोशाख आपल्या घरातल्या कोणत्याही मुलीला संकोच न वाटता घालता येतो.

शाहू जयंतीची मिरवणूक तर आपल्यासाठी आणखी मोकळी. शाहू महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँसाहेब गायक होते आणि आबालाल रहिमान चित्रकार. १९०६ साली महाराजांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मुस्लिम बोर्डिंग उभे केले. ते कोल्हापूरच्या दसरा चौकात आहे. शाही दसऱ्याचा लवाजमा, पालख्या, पारंपरिक पोशाखातले मानकरी त्याच चौकात येतात आणि सोने लुटले जाते. हातात तंबोरा घेतलेला एक छोटा खाँसाहेब आणि रंगांची पेटी घेतलेला एक छोटा आबालाल, एवढ्याने कुठलाही चित्ररथ शोभून दिसेल. यात तलवारही लागत नाही.

घरातले प्रश्न

"हे आपल्या दीनमध्ये चालते का?" दादी-नानी विचारतात आणि विचारायलाच हवे. मिरवणुकीत चालणे आणि पूजेत सहभागी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूजा-आरतीच्या वेळी आमचा मुलगा बाजूला अदबीने उभा राहील, हे संयोजकांना आधी आणि हसतमुखाने सांगून ठेवावे. ऐन वेळी भर चौकात सांगितले तर तो अपमान वाटतो, आठवडाभर आधी सांगितले तर ती साधी माहिती असते. मन मानत नसेल तर आपल्या मौलानांना विचारावे. एखाद्या घराने मुलाला पाठवायचे नाही असे ठरवले तर त्या घराला कुणी नावे ठेवू नयेत. कोपऱ्यावर पाण्याचे पिंप ठेवणे हाही सहभागच आहे.

रमजान चांद्र महिन्याने फिरतो, त्यामुळे काही वर्षे तो फेब्रुवारीत येतो. रोजा असलेल्या मुलाला उन्हात चिलखत घालून चालवू नये. संयोजकांना सांगितले तर सकाळचा शाळेचा कार्यक्रम त्याला देता येतो.

हत्याराबद्दल मात्र तडजोड नको. लाकडी किंवा पत्र्याची बोथट तलवारच द्यावी. खरी धारदार तलवार घेऊन रस्त्यावर फिरणे कायद्याच्या कचाट्यात आणते, आणि त्या कचाट्यात कुणाचा मुलगा आधी सापडेल हे सांगायला नको. मोबाईलचेही तेच. पोशाखातला फोटो स्टेटसला ठेवताना खाली काय लिहिले आहे ते आई-बापाने एकदा वाचावे. खान झालेल्या मुलाच्या फोटोखाली कुणी चावट मजकूर लिहिला तर चौकातला खेळ पोलीस ठाण्यात जातो.

त्या वाटेवर गजापूर आहे

हे भिऊन लिहिलेले नाही, पण डोळे मिटूनही लिहिता येत नाही. ७ जून २०२३ रोजी स्टेटसच्या वादातून कोल्हापुरात दगडफेक आणि तोडफोड झाली. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात आपल्या लोकांची घरे फोडली गेली, मशिदीची नासधूस झाली. हे गजापूर म्हणजे कोणते गाव? बाजीप्रभूंनी जी खिंड लढवली, तिला गजापूरची खिंड म्हणतात. पन्हाळ्याहून महाराज ज्या वाटेने विशाळगडाला गेले, त्याच वाटेवरचे हे गाव. त्या महाराजांना सोडवायला सिद्दी हिलाल मुलासह लढला होता, आणि साडेतीनशे वर्षांनंतर त्याच वाटेवर कोणाची घरे फुटली, हे आपण पाहिले.

ज्याला हिलाल माहीत आहे तो दगड उचलणार नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दगड उचलणाऱ्याला इतिहासाशी देणे-घेणे नसते. पण दगड उचलणारे थोडे असतात आणि गप्प बघणारे पुष्कळ. त्या बघणाऱ्यांनी लहानपणी आपल्याच शाळेच्या मिरवणुकीत नेताजींच्या शेजारी हिलाल झालेला शेख, मुजावर किंवा बागवानांचा मुलगा पाहिला असेल, तर त्यांच्यातला एखादा तरी पुढे होऊन हात धरेल. आपल्या हातात आहे ते एवढेच, आणि ते कमी नाही.

बैठकीला जा

सणाच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची बैठक होते. आपले चार जाणते लोक तिथे जातात, कपाळाला आठ्या घालून बसतात, चहा पिऊन परततात. त्या बैठकीला जावेच. पण खरी बैठक तिच्या पंधरा दिवस आधी होते, मंडळाच्या खोलीत किंवा शाळेच्या वर्गात, जिथे "कोण काय होणार" हे ठरते. तिथे आपले कुणी नसते. तिथे जायचे.

जाताना तक्रार घेऊन जाऊ नये, काम घेऊन जावे. "सर, यंदा पन्हाळ्याचा देखावा आहे ना? मग सिद्दी हिलाल आणि वाहवाह पाहिजेत. पोशाख आम्ही शिवून देतो, कापडही आमचे. मावळ्यांच्या दहा बाराबंद्याही करून देतो." बहुतेक शिक्षक, बहुतेक कार्यकर्ते हे ऐकून खूश होतील. कारण त्यांनाही दरवर्षी तेच चार प्रसंग करून कंटाळा आलेला असतो, आणि शिवून देणारा कुणी मिळाला तर हवाच असतो. एखादा नाही म्हणेल. त्याला पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे.

आणि खानाची भूमिका? ती सोडायची नाही. यंदा ती पाटलांच्या उंच मुलाला द्यावी आणि त्याचा जामा आपल्या घरी शिवावा. बंद उजव्या बाजूला घालायला मात्र विसरू नये.